शिक्षेची तीव्रता आणि शिक्षेची शाश्वती

बलात्काराची एखादी भीषण घटना उघडकीस आली की कायदा अधिक कडक करा, गुन्हेगाराला फासावर द्या, अशी मागणी समाजाच्या सर्व थरांतून होते. या संतापाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गेल्या अर्धशतकात या कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्या बव्हंशी लोकक्षोभामुळेच झाल्या. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, या गोष्टीला त्या निकालात मोठे महत्त्व दिले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली, आणि १९८३ साली कायदा बदलला.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली कायदा पुन्हा बदलला. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या शक्ती विधेयकातही फाशी होती. मात्र राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. शिक्षेचा आकडा असा चढत गेला. मग कायद्याचा धाकही त्याच प्रमाणात वाढला काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. ज्या खटल्यांचे निकाल लागले, त्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांतच आरोप सिद्ध झाला. सुटलेला प्रत्येक आरोपी दोषीच होता, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. तथापि साक्षीदार उलटल्यामुळे, पुरावा वेळेवर गोळा न केल्यामुळे किंवा तो नासल्यामुळे जे खटले कोसळतात, त्यांचा दोष कायद्याच्या सौम्यपणाकडे जात नाही. शिवाय पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंतही न पोचलेले प्रसंग या हिशेबात कोठेच नाहीत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुना विचार आठवतो. गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती अटळ असल्याने, असे इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच मांडले होते. पुढे १९६८ मध्ये गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हा विचार हिशेबात बसविला. गुन्ह्याची किंमत म्हणजे शिक्षेची तीव्रता गुणिले ती प्रत्यक्ष होण्याची शक्यता. गुणाकारातील एक संख्या शून्याच्या जवळ असेल, तर दुसरी कितीही वाढविली तरी उत्तर लहानच राहते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने या दोन संख्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तीव्रता वाढविण्यास राजपत्रातील एक ओळ पुरते, तिजोरीला तोशीस पडत नाही. शाश्वती वाढविण्यास मात्र पैसा, माणसे आणि चिकाटी लागते. म्हणूनच पहिला मार्ग वारंवार चोखाळला जातो. २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. पण आरंभीच्या वर्षांत त्यातील मोठा भाग खर्चच झाला नाही.

शाश्वतीला गळती लागते ती पायरीपायरीने. तक्रार नोंदविण्यास नकार देणाऱ्या पोलिसाला २०१३ पासून शिक्षेची तरतूद आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतील चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळावे लागले आणि लोक रेल्वेमार्गावर उतरले. वैद्यकीय तपासणीतील अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याज्य ठरविली. २०२२ मध्ये तीच गोष्ट त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावी लागली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे नवी संहिता म्हणते. परंतु ते तज्ज्ञ आणि त्यांच्या प्रयोगशाळा अधिसूचनेने निर्माण होत नाहीत.

खटल्याचा सर्वांत मोठा खर्च मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो फिर्यादी स्त्री सोसते. शेतमजूर बाईला प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी आणि तालुक्याचे एसटीभाडे पडते. तारीख पुढे ढकलली की तोच खर्च पुन्हा. त्यात अशा गुन्ह्यांतील बहुसंख्य आरोपी परिचितच असतात. नातलग, शेजारी किंवा काम देणारा मालक यांच्याविरुद्ध तोंड उघडायचे म्हणजे घर, गल्ली आणि रोजगार या तिन्हींशी वैर पत्करायचे. आरोपी घरचाच असेल आणि शिक्षा फाशीची असेल, तर मुलीचे तोंड बंद करण्याचा दबाव वाढतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही.

कठोर शिक्षा ही समाजाच्या नैतिक धिक्काराची खूण आहे, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण शंभरात सत्तरांहून अधिक निकाल निर्दोष सुटकेत संपणार असतील, तर तो धिक्कार कागदावरच राहतो. तेव्हा सरकारला विचारावयाचा प्रश्न बदलावयास हवा. शिक्षा किती वर्षांची, याऐवजी जिल्ह्यात सरकारी वकिलांच्या जागा किती रिकाम्या आहेत, प्रयोगशाळेचा अहवाल किती महिन्यांनी येतो, साक्षीदार स्त्रीला प्रवासखर्च त्याच दिवशी हातात पडतो की नाही, हे विचारले पाहिजे. अधिवेशनात आमदारांनी आणि सभेत मतदारांनी त्याची उत्तरे मागितली पाहिजेत.

आणि एक जबाबदारी आपलीही आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. ‘शाळेची अब्रू’ म्हणून गप्प राहणारा शिक्षक आणि ‘वरून आदेश नाही’ म्हणून अर्ज बाजूला ठेवणारा कारकून हे दोघेही ही शाश्वती थोडी थोडी कमी करीत असतात. कायद्याचा धाक फाशीच्या दोरावर जितका अवलंबून आहे, त्याहून कितीतरी अधिक तो पहिल्या दिवशी लिहून घेतलेल्या तक्रारीवर अवलंबून आहे.