अनोळखी माणसासाठी पाच मिनिटे

सकाळची साडेआठची वेळ. परळ स्टेशनवर उतरून तुम्ही ऑफिसच्या दिशेने झपाझप चालला आहात. एक माणूस तुम्हाला थांबवतो. एका हातात एक्स-रेची मोठी पिशवी, दुसऱ्या हाताने आजारी बायकोला धरलेले. "टाटा हॉस्पिटल कुठे आहे हो?" तुम्ही चालता चालता हात करता, "सरळ जा, पुढे कोणालाही विचारा," आणि गर्दीत मिसळता.

यात तुमचा काही गुन्हा नाही. पण तुम्ही त्याच्यासोबत पाच मिनिटे चालला असता, तर त्याचा फायदा फक्त त्यालाच झाला असता का? आज याच विषयावर थोडे बोलू.

परळला येणारा माणूस

केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा मेमोरियल १९४१ पासून परळमध्ये आहे. वाडिया रुग्णालयही जवळच. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण इथे येतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो, काहींना फुटपाथवर राहावे लागते. आजाराची भीती असतेच. त्यात शहर नवे, भाषा वेगळी, केसपेपर कुठे काढायचा आणि कोणत्या खिडकीवर उभे राहायचे हेही माहीत नसते. तुमच्यासाठी जी किरकोळ माहिती आहे, तिच्यासाठी या माणसाची अर्धी सकाळ जाते.

मग आपण मदत का टाळतो?

आपले मन कोरडे असते म्हणून नाही. "एवढ्याशाने काय होणार?", "त्याला आवडेल का?", "फसवणूक तर नसेल?" असे विचार आड येतात. फसवणुकीची शंका कधी कधी खरी असते. अशा वेळी पैसे देऊ नका. पण रस्ता दाखवायला पैसे लागत नाहीत.

"एवढ्याशाने काय होणार" हा अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोतल्या एका बर्फाच्या मैदानावर लोकांना गरम चॉकलेटचा कप अनोळखी माणसाला द्यायला सांगितले. देणाऱ्यांना ती गोष्ट क्षुल्लक वाटली. घेणाऱ्यांना ती त्यापेक्षा कितीतरी मोठी वाटली. देणारा वस्तूची किंमत मोजतो, घेणाऱ्यापर्यंत त्यामागची आपुलकीही पोहोचते.

देणाऱ्याच्या शरीरात काय होते?

दान करण्याचा निर्णय घेताना मेंदूतला, स्वतःला बक्षीस मिळाल्यावर उत्तेजित होणारा भागच सक्रिय होतो, हे स्कॅनमध्ये दिसले आहे. २००८ च्या एका प्रयोगात कॅनडातील विद्यार्थ्यांना ५ किंवा २० डॉलर दिले गेले. स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी होते. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही.

२०१६ च्या आणखी एका अभ्यासात ब्लड प्रेशर असलेल्या ज्येष्ठांना तीन आठवडे, दर आठवड्याला ४० डॉलर दिले. ज्यांनी ते इतरांसाठी खर्च केले, त्यांचे प्रेशर स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. हा अभ्यास लहान होता. त्यामुळे कृपया गोळी बंद करू नका! पण मन हलके होण्याचा परिणाम शरीरावरही होत असावा, असे यातून सूचित होते.

संकटात करतो, एरवी का नाही?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, लाखो लोक चालत निघाले. रस्त्यालगतच्या वस्त्यांतून लोकांनी त्यांना चहा, पाणी, बिस्किटे दिली. ज्यांनी ती दिली, ते आजही त्या रात्रीबद्दल समाधानाने बोलतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हाही केईएममध्ये रक्त द्यायला लोक धावले.

म्हणजे मदत कशी करायची हे मुंबईकराला शिकवावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कॅन्सरचे निदान झालेल्या घरावर असे संकट एखाद्या साध्या मंगळवारी येते. त्याची बातमी होत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

काय करता येईल?

- रस्ता विचारणाऱ्याला नुसता हात दाखवू नका. शक्य असेल तर वळणापर्यंत सोबत चाला.
- फॉर्म भरून द्या, मोबाईलवरचा मेसेज वाचून दाखवा.
- बसमध्ये, लोकलमध्ये फाईल घेतलेल्या माणसाला बसायला जागा द्या.
- रक्तदान करा. १८ ते ६५ वयाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून कॅन्सर रुग्णांसाठी दाते सतत लागतात.

आणि काय करू नये?

"अमुक काढा घ्या, तमुक वैद्याकडे जा" असा सल्ला देऊ नका. घाबरलेला माणूस तो ऐकतो आणि चालू उपचार सोडतो. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला उघड्यावरचे, कापलेले फळ देऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असल्याने साधा संसर्गही महागात पडतो. काही खायला द्यायचे असेल तर आधी नातेवाइकांना विचारा. आजार कोणता, कितवी स्टेज, हे प्रश्न तर नकोच.

रोज अर्धा तास चाला, असे आम्ही डॉक्टर सांगतोच. उद्या सकाळी त्यातली पाच मिनिटे एखाद्या अनोळखी माणसाबरोबर चाला. तो तुमचे नावही विचारणार नाही कदाचित. पण वेळेत योग्य खिडकीवर पोहोचेल. आणि ऑफिसला पाच मिनिटे उशिरा पोहोचूनही तुम्हाला का बरे वाटते आहे, हे तुम्हाला आता माहीत आहे.