सातविणीची पाटी

बराकपुरातील एका प्राथमिक शाळेच्या पालकसभेत काही महिन्यांपूर्वी एक साधी सूचना पुढे आली. पहिली ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून एकदा, सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत, गंगेकाठच्या झाडीत नेऊन तेथेच भाषा, गणित व परिसर हे विषय शिकवावेत, एवढीच ती सूचना होती. ती मांडणाऱ्या शिक्षिकाबाईंनी जागा पाहून ठेवली होती आणि सोबत येणाऱ्या पालकांची पाळीपाळीने यादीही केली होती. सूचना अर्ध्या तासात फेटाळली गेली. याचे मला विशेष आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते विरोध करणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होते ते पाहून. ती आपलीच माणसे होती. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत चांगल्या हुद्द्यांवर असलेले, शिकलेसवरलेले मराठी अधिकारी! त्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी समारोप केला तो असा : "अहो, रानात हिंडणे ही गुराख्याची विद्या. आमच्या मुलांना स्पर्धेत उतरायचे आहे."

सभा हसली आणि विषय संपला. मला मात्र तो संपला असे वाटत नाही. म्हणून हा लेख.

'गुराख्याची विद्या' हा शब्दप्रयोग त्या गृहस्थांनी तुच्छतेने केला. परंतु महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातील एक अत्यंत उज्ज्वल प्रकरण याच विद्येभोवती घडले आहे, हे त्यांना ठाऊक नसावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे त्यांना आढळले, की वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात. एखाद्या सरकारी अहवालाने अशा वेळी 'पालकांची अनास्था' हा शब्द लिहून फाईल बंद केली असती. या दोन बायकांनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे! शिक्षक गुरांमागोमाग कुरणात गेला, आणि गुरे चरत असता मुले गवतावर बसून अक्षरे व अंक शिकली. यालाच 'कुरणशाळा' म्हणतात. मराठी भाषेने शिक्षणशास्त्राला दिलेल्या शब्दांत याहून सुंदर शब्द मला ठाऊक नाही.

'अंगणवाडी' हा शब्दही याच प्रयोगाचे अपत्य होय. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. आज बंगालातील खेड्यातही तो लोकांच्या तोंडी आहे. शब्द गेला खरा, पण त्यातले अंगण मात्र वाटेतच गळाले. बहुतेक ठिकाणी उरली आहे ती एक खोली, भिंतीवर आंब्याचे चित्र, आणि बाहेरच्या खऱ्या आंब्याकडे पाठ करून बसलेली मुले.

येथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. वारल्यांच्या मुलाला रान ठाऊक होते. त्याला अक्षर हवे होते. आपल्या मुलांची स्थिती नेमकी उलट आहे. त्यांच्यापाशी अक्षरे उदंड आहेत, आणि त्या अक्षरांनी ज्या वस्तूंचा निर्देश होतो त्या वस्तूच त्यांनी पाहिलेल्या नाहीत. कोसबाडला अक्षर कुरणात न्यावे लागले, तर बराकपुरात अक्षरवंतांना कुरणात न्यावे लागेल. दिशा वेगळी आहे, न्याय एकच आहे.

आता आपण ज्या गावी राहतो त्याकडे पाहू. आपली मुले '२९ मार्च १८५७' ही तारीख घोकतात. मंगल पांडे यांनी ज्या छावणीत शस्त्र उचलले ती छावणी हीच. पण तिचे मैदान, तिचा घाट, तिची नदी यांचा त्या तारखेशी काही संबंध आहे हे किती मुलांना कोणी उभे राहून दाखवले आहे? येथल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेत १९४७ पासून नद्यांतील मत्स्यजीवनाचा अभ्यास चालतो, आणि संस्थेपासून हाकेच्या अंतरावर वाढणाऱ्या मुलाला रोहू कोणता व कातला कोणता हे सांगता येत नाही. निलगंजला तागाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे; आपले मूल मात्र 'तागाला सोनेरी धागा म्हणतात' एवढे एक वाक्य लिहून पूर्ण गुण मिळवते. त्याने तागाचे रोप कधी हाताळलेले नसते.

याच गावाचा दोनशे वर्षांपूर्वीचा एक दाखला तर आपल्याला अधिकच झोंबणारा आहे. १८०३ साली असईच्या रणांगणावर ज्याच्या धाकट्या भावाने मराठ्यांचा पराभव केला, त्या गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १८०४ साली याच बराकपूरच्या उद्यानात हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. फ्रान्सिस ब्युकॅनन तिचा प्रमुख होता. येथे पशुपक्षी आणून ठेवले जात, त्यांची वर्णने लिहिली जात आणि हालूदारसारखे देशी चित्रकार त्यांची चित्रे काढीत. वेलस्ली १८०५ साली मायदेशी गेला आणि तो उपक्रम मंदावला. परंतु त्यातला बोध राहतोच. जो देश राखायचा त्यातली झाडे, जनावरे व पाखरे नावानिशी ठाऊक असली पाहिजेत, एवढे त्या परक्या राज्यकर्त्याला कळत होते. स्वतंत्र देशाच्या प्रशासनात बसलेल्या आपल्याला मात्र हीच गोष्ट 'गुराख्याची विद्या' वाटते!

नदीच्या पैलतीरावर श्रीरामपूर आहे. विल्यम केरीने १८०५ साली तेथेच मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध केला. या कामी त्याला वैजनाथशास्त्री या पंडितांचे साह्य होते. आपल्या मंडळाच्या भाषणांतून केरीचा उल्लेख अधूनमधून होतो, पण तो केवळ 'मराठी मुद्रणाचा आद्य पुरस्कर्ता' म्हणून. तोच केरी पट्टीचा वनस्पतीप्रेमी होता, श्रीरामपुरात त्याने स्वतःची बाग वाढवली होती, आणि १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्थाही काढली होती, हे आपण सोडून देतो. सह्याद्रीच्या उतारावर कुंभ्याचे झाड आपण सर्वांनी पाहिलेले असते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने त्या झाडाच्या प्रजातीला 'केरिया' हे नाव दिले, ते याच केरीवरून. म्हणजे पैलतीरावर मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या माणसाचे नाव आपल्या डोंगरातल्या झाडाने धारण केले आहे. भाषा आणि झाड ही दोन वेगळी खाती आहेत असे केरीने मानले नाही. ती आपण वेगळी केली.

आता बृहन्महाराष्ट्रातील वाचकांच्या खास जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. आपली मुले मराठी विसरत चालली, ही आपल्या प्रत्येक संमेलनातील पहिली तक्रार असते. त्यावर आपण रविवारचे वर्ग काढतो, बाराखडीचे तक्ते टांगतो, पाठांतराच्या स्पर्धा घेतो. पण भाषा तक्त्याला चिकटून राहत नाही, ती वस्तूला चिकटून राहते. जे मूल कधी पारंबीला लोंबकळले नाही, त्याला 'पारंबी' हा शब्द कशासाठी लागणार? ज्याने चिखलात पाय घातला नाही, त्याला 'रेंदा', 'गाळ' आणि 'चिखल' यांतला भेद कोण सांगणार?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. ती मला भूषणावह नाही. तीन बदल्यांत तीन प्रांत पाहिलेला माझा आठ वर्षांचा मुलगा एकदा जांभळ्या फुलांनी लवलेल्या झाडाखाली थांबला आणि म्हणाला, "बाबा, हे जारुल. आमच्या रिक्षावाल्या काकूंनी सांगितले. याला आपल्यात काय म्हणतात?" मला उत्तर आले नाही. पुण्याला वडील बहिणीला फोन करून विचारले, तेव्हा कळले, की ते ताम्हण. महाराष्ट्राचे राज्यपुष्प! महाराष्ट्रदिनी व्यासपीठावरून महाराष्ट्राच्या अस्मितेवर वीस मिनिटे बोललेला मी, डोक्यावर फुललेले महाराष्ट्राचे फूल ओळखू शकलो नव्हतो. त्या दिवसापासून त्या मुलाला 'ताम्हण' हा शब्द विसरावा लागला नाही. 'जारुल'ही तो विसरला नाही. बदलीच्या गावी झाड तेच राहते आणि नाव बदलते, एवढे ज्या मुलाला कळले, त्याला परप्रांत परका वाटत नाही आणि स्वतःची भाषाही परकी होत नाही. वर्गातल्या बाकावर हे शिकवता येत असेल तर कोणी मला दाखवावे.

आता आक्षेप विचारात घेऊ. पहिला आक्षेप वेळेचा आहे : अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापनाचे ठरवले आहेत. पाच दिवसांचा आठवडा धरला, तर आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला ८० तास, एकूण वेळेचा दहावा हिस्सा होतो. हे तासही खेळण्याचे नव्हेत. पानांची मोजणी हे गणितच आहे, नदीच्या पाण्याची पातळी खुणेच्या काठीवर नोंदणे हा भूगोलच आहे, आणि पाहिलेल्या पाखरावर पाच वाक्ये लिहिणे हा निबंधच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दप्तराविना १० दिवसांची कल्पना मांडली आहे, पण ती इयत्ता सहावी ते आठवीसाठी. माझा या मर्यादेलाच विरोध आहे. कुतूहल जेव्हा सर्वाधिक जिवंत असते, त्या सातव्या-आठव्या वर्षी मुलाला कोंडायचे, आणि ते कुतूहल विझत आल्यावर त्याला दहा दिवस सोडायचे, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप आरोग्याचा : ऊन, डास, साप. यातील डास व साप यांची भीती निराधार नाही, आणि बंगालच्या पावसाळ्यात शिक्षकाने ती बाळगलीच पाहिजे. जागा आधी साफ करून पाहणे, पाय झाकणारे कपडे, दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या रुग्णालयाची माहिती, एवढ्याविना मुलांना बाहेर नेऊच नये. पाऊस असेल त्या दिवशी वर्गात बसावे. परंतु बंद खोलीचाही एक धोका आहे, आणि त्याची दखल कोणी घेत नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात सुमारे सहा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक मोठी चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर काढली गेली, तेथे तीन वर्षांत शेकडा ३०.४ मुलांना लघुदृष्टीचा दोष नव्याने जडला. इतर शाळांत हेच प्रमाण शेकडा ३९.५ होते. फरक फार मोठा नव्हे, पण तो औषधाने वा चष्म्याने साधलेला नाही. उजेडात उभे राहून साधलेला आहे. सापाला भिणाऱ्या पालकांनी आपल्या मुलांच्या चष्म्यांचे वाढते क्रमांकही एकदा आठवावेत.

तिसरा आक्षेप स्पर्धेचा, आणि खरा आक्षेप हाच आहे. आपण सर्व परीक्षा देऊन येथवर आलो, म्हणून परीक्षेवाचून दुसरी शिडी आपल्याला दिसतच नाही. मी परीक्षेचा शत्रू नाही. माझे पोट तिच्यावरच चालते. पण निरीक्षण, नोंद, तुलना आणि धीर हे गुण ज्याच्यापाशी नाहीत, तो परीक्षा उत्तीर्ण होऊनही कसा अधिकारी होतो, हे आपल्या कचेऱ्यांत आपण रोज पाहतो. स्थळ न पाहता स्थळपाहणीचा अहवाल लिहिणारा अधिकारी एका दिवसात तयार होत नाही. झाड न पाहता झाडावर निबंध लिहिणाऱ्या मुलातूनच तो पुढे निपजतो.

बराकपूरहून शांतिनिकेतन काही तासांच्या अंतरावर आहे. रवींद्रनाथांनी १९०१ साली अवघ्या मूठभर मुलांना घेऊन तेथे झाडाखाली शाळा मांडली. आपण तेथे पाहुणे घेऊन जातो, झाडाखालच्या वर्गाचे छायाचित्र काढतो, २०२३ साली ते स्थान जागतिक वारशाच्या यादीत गेले म्हणून समाधान मानतो, आणि परत येऊन आपल्या शाळेतली तीच सूचना फेटाळतो! तीर्थाला नमस्कार करायचा, मात्र त्याचे पाणी घरात येऊ द्यायचे नाही, अशी ही भक्ती आहे.

शांतिनिकेतनात ज्या झाडाला विशेष मान आहे ते छातिम, संस्कृतात सप्तपर्ण, आणि आपली कोकणातली सातवीण. विश्वभारतीच्या पदवीदानात त्याची पाने दिली जातात. या झाडाच्या शास्त्रीय नावात 'स्कोलारिस', म्हणजे शाळेचे, असा शब्द आहे. कारण त्याच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करून मुले त्यांवर लिहायला शिकत. पाटी झाडातून आली होती. आपण पाटी ठेवली, नंतर तीही टाकून पडदा घेतला, आणि झाड विसरलो.

माझी मागणी मोठी नाही. येत्या शरदात, पूजेच्या सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा, ती सूचना पुन्हा मांडली जावी. आणि या वेळी तिच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत पहिली नावे आपली असावीत. मुलांसोबत जाणाऱ्या पालकांच्या पाळीत मी माझे नाव आधीच दिले आहे. त्या दिवसांत संध्याकाळी छातिम फुलल्याचा उग्र गंध साऱ्या बंगालभर पसरलेला असतो. आपले मूल तो गंध ओळखून "ही सातवीण" असे म्हणाले, तर परप्रांतातील आपल्या मराठीपणाला त्याहून चांगले प्रमाणपत्र कोणतेही मंडळ देऊ शकणार नाही. आणि त्याला गुराख्याची विद्या म्हणून कोणी हसलेच, तर त्याने खुशाल हसावे. आपल्या देशातील सर्वांत प्रिय देवाने बालपणी हीच विद्या शिकली होती.