खजुराचा हंगाम आणि गरिबाची शिल्लक

रमजान जवळ येताच खजुराचे भाव चढतात, हे देवळाली प्रवरा येथील गिऱ्हाइकास कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो खरेदीच्या वेळेचा. इराक, इराण व अरबस्तानातील पीक साधारणतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हाती येते. रमजान मात्र चांद्र गणनेप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2023 साली तो मार्चअखेरीस आरंभला. 2030 साली तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस असा दोनदा सुरू होईल. अर्थात रोज्यांची मागणी आणि थंडीतील खाऊची मागणी एकाच वेळी बाजारात उतरेल. गतवर्षीचा महिना ध्यानात ठेवून केलेला हिशेब अशा वेळी चुकणारच.

तरीही चंद्राची गती आधी कळते. राज्यकर्त्यांचे निर्णय कळत नाहीत. डिंकाच्या लाडवांतील खारीक मुख्यतः पाकिस्तानातून येत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये तेथील मालावर 200 टक्के आयातशुल्क बसले आणि मे 2025 मध्ये आयातच बंद झाली. बाळंतिणीच्या खुराकावर त्याचा भार पडला.

नवा माल येताच खरेदी करावी, हा उपदेश सोपा आहे. परंतु आठवड्याच्या मजुरीवर आठवड्याचा बाजार करणाऱ्याने चार महिन्यांची रोकड आणावी कोठून? वेळ साधण्यास शहाणपणाआधी शिल्लक लागते. नोकरदारांच्या पतसंस्था आणि महिलांचे बचत गट यांनी हंगामात एकत्र खरेदी करून सभासदांस हप्त्याने माल दिला, तरच हे शहाणपण गरिबाच्या घरी पोहोचेल.