न जुळलेल्या नोंदीचा दिवा

मोटारीची किल्ली फिरवताच चालकासमोर अनेक दिवे एकदम उजळतात. त्यांत बसलेल्या माणसाच्या पुढ्यात एक गोळा, असे लहानसे चित्र असते. काही सेकंद दिसून ते विझते. तेवढ्या अवधीत एअरबॅगचे नियंत्रक, गॅरेजच्या भाषेत मॉड्यूल, आपल्या सर्व जोडण्या तपासून घेते. चित्र विझलेच नाही, तर कोठेतरी काहीतरी जुळलेले नाही. तरीही महिनोन्महिने तिकडे दुर्लक्ष होते, कारण गाडी चालत राहते. दिवा पेटलेला असताना अपघात झाला, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री उरत नाही, ही गोष्ट रोजच्या धावपळीत मागे पडते.

कित्येकदा कारण क्षुल्लक निघते. घरच्या साफसफाईत किंवा नवे कव्हर चढवताना पुढच्या सीटखालची पिवळी जोडणी सैल होते. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली तारेची पट्टी झिजते, मग एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्नही रुसतो. हे दोष शोधणे फारसे अवघड नाही.

अधिक फसवा दोष नोंदीचा असतो. मॉड्यूलच्या स्मृतीत त्या गाडीची यादी लिहिलेली असते: पुढे एअरबॅग किती, बाजूला किती, खिडक्यांवर उतरणारे पडदे आहेत की नाहीत, कोणत्या सीट बेल्टांना धक्क्याच्या क्षणी आवळणारी योजना आहे. ही यादी ते प्रत्यक्ष जोडण्यांशी ताडून पाहते. वहीत सहा नग आणि गोदामात चार, किंवा वहीत चार आणि गोदामात सहा, असे आढळल्यावर मुनीमजी जसे पुढची नोंद थांबवतात, तसे मॉड्यूल दिवा पेटता ठेवते. येथे तार तुटलेली नसते, एअरबॅगही शाबूत असते. चुकलेली असते ती नोंद.

हा प्रसंग बहुधा अपघातानंतरच्या दुरुस्तीत उद्भवतो. एअरबॅग उघडल्यावर अनेक मॉड्यूलांत त्या धडकेची नोंद कायमची उमटते आणि मॉड्यूल बदलावे लागते. नवे मॉड्यूल कोऱ्या वहीसारखे येते. त्यात त्या गाडीची यादी भरावी लागते. या कामाला कोडिंग म्हणतात. पैसे वाचवण्यासाठी भंगारातून त्याच नावाच्या गाडीचे मॉड्यूल आणले जाते. पेटी तशीच, बोल्ट त्याच जागी. परंतु ते दोन एअरबॅगच्या साध्या प्रकारातले आणि गाडी सहा एअरबॅगची, असे घडते. भाग क्रमांकाचे शेवटचे एक-दोन आकडे वा अक्षरे न पाहिल्याचा हा परिणाम.

जाणता कारागीर प्रथम स्कॅनर लावतो आणि दोषाचे संकेत पुसण्यापूर्वी लिहून घेतो. जोडणीचा दोष आणि नोंदीचा दोष यांचे संकेत निराळे असतात. नंतर मॉड्यूलवरचा भाग क्रमांक चॅसिस क्रमांकाशी पडताळतो. भाग योग्य असेल तर कोडिंग पुन्हा करतो, आणि त्या वेळी बॅटरीला चार्जर लावून ठेवतो. मध्येच दाब उतरला तर नोंद अर्धवट राहते. भागच चुकीचा असेल, तर योग्य भाग आणण्याला पर्याय नाही. मॉड्यूल बसवतानाही त्यावरचा बाण दाखवलेल्या दिशेनेच ठेवावा लागतो आणि बोल्ट ठरलेल्या जोराने आवळावे लागतात, कारण धडक ओळखणारा सेन्सर त्याच्या पोटातच असतो.

घरच्या हौशी हातांनी मात्र येथे थांबावे. बॅटरी सोडल्यानंतरही मॉड्यूलमध्ये काही वेळ विद्युत्संचय राहतो. धडकेत बॅटरी निकामी झाली तरी एअरबॅग उघडावी म्हणून ती तजवीज असते. कंपनीने सांगितलेली मिनिटे भरल्याखेरीज पिवळ्या जोडणीला हात लावू नये, आणि साध्या मीटरने एअरबॅग मोजू तर मुळीच नये.

बाजारात एक तिसरी तऱ्हाही चालते. उघडलेल्या एअरबॅगच्या जागी केवळ रेझिस्टर जोडतात, किंवा यादीतूनच ती एअरबॅग वगळून टाकतात. दिवा विझतो, ग्राहक समाधानाने पैसे मोजतो, आणि झाकणामागे काहीच नसते. याला दुरुस्ती म्हणणे म्हणजे खोट्या मापाला तराजू म्हणण्यासारखे आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी ती नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून आणि जुन्या मॉडेलांना ३१ डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. त्या वर्षांतल्या गाड्या आता जुन्या बाजारात विकायला उभ्या आहेत. खरेदीपूर्वी किल्ली फिरवून दिवा विझतो का, एवढेच पाहू नये. तो आधी पेटतो का, हेही पाहावे. मुळीच न पेटणारा दिवा अधिक संशयास्पद.

दोष कारखान्यातूनही येऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रकासाठी परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नये, असा सल्ला दिला. आपली गाडी अशा कोणत्या यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस क्रमांक टाकून पाहता येते आणि अशा वेळी भाग विनामूल्य बदलून मिळतो. अन्यत्र काम करून घेतल्यास बिलावर मॉड्यूलचा भाग क्रमांक व कोडिंगचा आकार वेगळा लिहून घ्यावा, स्कॅनरचा आधीचा व नंतरचा अहवाल सोबत जोडून घ्यावा. पुढे गाडी विकताना हेच कागद खरेदीदाराला दाखवता येतात.