श्वासाने दुःख हलके होते का?

माझी खालाजाद बहीण गेल्या महिन्यात आमच्याकडे आली होती. दोन वर्षांपूर्वी तिचे शौहर अपघातात गेले. तेव्हापासून तिला झोप लागत नाही, रात्री फोन वाजला की छाती धडधडते. घरातले सगळे म्हणतात, ‘सब्र कर.’ मीही तेच म्हणत होते.

कुणीतरी तिला श्वासाच्या शिबिरात नेले. मोठे संगीत लावून तासभर जोरजोरात श्वास घ्यायला लावले. तिचे हात आखडले, डोक्याला चक्कर आली, अपघाताची रात्र डोळ्यांसमोर आली. ती खूप रडली. ‘मन मोकळे झाले,’ असे सांगून तिला घरी पाठवले. पुढच्या तीन रात्री ती बसूनच होती.

मी थोडे वाचले. ही पद्धत 1970 च्या दशकात प्रागमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ स्टानिस्लाव ग्रोफ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनी कॅलिफोर्नियात विकसित केली. वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, हात वाकडे होतात. काहींना नंतर हलके वाटते, हे खरे. पण हृदयविकार, फिट येणे, काचबिंदू, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करू नये. माझ्या बहिणीला बीपी आहे. तिला कुणी विचारलेसुद्धा नाही.

जखम उघडली, तर ती बांधणाराही जवळ हवा. आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. आता ती दर आठवड्याला जाते आणि त्या रात्रीबद्दल थोडे थोडे बोलते. डॉक्टरांनी तिला श्वासच शिकवला, पण संथ: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटे. चक्कर आली तर थांबायचे. याने दुःख जात नाही, पण धडधड कमी होते.

भगिनींनो, आपल्या घरातही अशी कुणी गप्प बसलेली असेल. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तो तिला लावून द्या. आणि ‘सब्र कर’ म्हणण्याआधी तिच्याजवळ बसून विचारा, ‘त्या रात्री काय झालं होतं?’ मला हे विचारायला दोन वर्षे लागली.