तिसऱ्या पिनचा हिशेब

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखालचा सुती धागा केसभर सरकवतो आणि पुन्हा कान लावतो. नको असलेला आवाज जाईपर्यंत त्याचे समाधान होत नाही. हा चोखंदळपणा आमच्या भागात घरोघरी आहे. त्याच हट्टापायी मी एकदा स्वतःचा संसार पणाला लावला होता. ती गोष्ट सांगायला मला इतकी वर्षे धीर झाला नाही.

१९८८ साली बँकेने माझी बदली साताऱ्याला केली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. कंपनीची म्युझिक सिस्टिम घेण्याइतका पगार नव्हता, पण गाण्याचे वेड दांडगे. तेव्हा सुटे भाग आणून मी घरीच अ‍ॅम्प्लिफायर जुळवला. टेपडेकही तसाच पत्र्याच्या पेटीत बसवला. दोन्हींना थ्री-पिन लावली, कॅसेट घातली आणि गायकाच्या आधी 'घूं' सुरू झाले!

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. ही घूं ५० किंवा तिच्या दुपटीची, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या आसपासची. दोन यंत्रे वेगवेगळ्या प्लगांतून जमिनीला जोडलेली आणि शिवाय आवाजाच्या तारेने एकमेकांनाही जोडलेली असली, की तारांचा एक फेरा पूर्ण होतो. त्या फेऱ्यात विजेचा अंश फिरतो आणि स्पीकरमधून बोलतो. यावर सोपा उपाय मला कुणीसा सांगितला: अर्थिंगची हिरवी तार कापून टाक. मी दोन्ही यंत्रांची तार कापली. घूं बंद झाली. त्या रात्री मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पेटीत वायर जिथून शिरते तिथे रबरी बुश बसवायला मी विसरलो होतो. पत्र्याची धार चार-सहा महिने वायरचे कव्हर खात राहिली. श्रावणातल्या एका सकाळी सौ. ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. उठताना तिने आधारासाठी पेटीवर हात ठेवला आणि ती किंचाळून मागे फेकली गेली. हात आपोआप सुटला, एवढेच आमचे नशीब. फेज पत्र्याला टेकली होती आणि तिला जमिनीत जायची वाट मीच कापून ठेवली होती. उरलेली वाट सौ.च्या अंगातून गेली.

परदेशातही हेच घडले आहे. मे १९७२ मध्ये स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी येथे मंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरातच गिटार वाजवताना गेला. तिथेही अर्थिंगच धड नव्हते.

थ्री-पिनची वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. वीज येण्यापूर्वी सुरक्षा यावी, एवढाच त्यातला विचार. आपण मात्र ती पिन मोडतो, टू-पिनचा प्लग वापरतो किंवा उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या ठोकून भोकांत बसवतो. काही वायरमन न्यूट्रललाच अर्थ जोडून मोकळे होतात. पुढे न्यूट्रल कुठे तुटली, तर यंत्राची सारी पेटीच जिवंत होते.

पिन शाबूत असली तरी तिच्यामागची जमीनही पाहावी लागते. सांगलीची नदीकाठची काळी माती ओल धरते. साताऱ्याच्या डोंगरउतारावर थोडे खणले की खडक लागतो आणि खडक वीज सहजी घेत नाही. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतात आणि ५ अँपिअरचा फ्यूज उडतो. रोध १०० ओहम झाला तर जेमतेम २.३ अँपिअर. फ्यूज शांत राहतो आणि पत्रा जिवंत. माणसाचा जीव घ्यायला याचा विसावा भागही पुरेसा होतो.

म्हणून घरात आरसीसीबी हवेच. त्याचे काम आम्हा बँकवाल्यांना चटकन कळते. फेजमधून जितके गेले तितकेच न्यूट्रलमधून परत आले पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते शटर ओढून घेते. मात्र त्याच्या भरवशावर तिसरी पिन तोडू नये. पिन असली तर गळती जमिनीत जाते आणि कुणाचा हात लागण्यापूर्वीच शटर पडते. नसली, तर फरक कळायला कुणाचे तरी शरीर मध्ये यावे लागते.

आता मी सांगलीत असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत इथल्या कितीतरी घरांतल्या बोर्डांपर्यंत पाणी चढले होते. भिंती रंगवून झाल्या, पण अर्थिंग कितींनी तपासून घेतले? गणपतीच्या मांडवातही तेच. स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, मात्र लोखंडी कमानीला हात लावणाऱ्या पोरांची काळजी कुणी करत नाही. वर्गणीच्या हिशेबात अर्थिंग आणि आरसीसीबीचा खर्च वेगळा दाखवावा, असे मी प्रत्येक मंडळाला सुचवीन.

परवा शेजारचा मुलगा आला. तयार सर्किट मागवून त्याने अ‍ॅम्प्लिफायर केला होता. "आजोबा, अर्थ काढला की आवाज एकदम क्लीन येतो!" मी म्हटले, "बाळा, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लाव. आवाजाची तार ट्रान्सफॉर्मरपासून लांब ने. तरी राहिलीच घूं, तर आवाजाच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसव. हिरव्या तारेला मात्र हात लावू नकोस." घूं गेली. थोडी उरली असती, तरी मी ती आनंदाने ऐकली असती.

आमच्या आरसीसीबीवर चाचणीचे एक बटण आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सौ. ते दाबते. 'खट्' होऊन घरातली वीज जाते. मग खटका पुन्हा वर करून ती म्हणते, "जुळला हो तुमचा हिशेब."