फिट आली तर आधी डॉक्टरकडे चला

ज्या घरात कुणाला फिट येते, आकडी येते, फेफरं येतं, त्या घराला ही हात जोडून विनंती आहे. आपल्याकडे अजूनही आधी कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते, मग देवऋषी, अंगारा, गंडादोरा. डॉक्टरची पाळी शेवटी येते. मुलगी असेल तर लग्नाच्या धास्तीने गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊच देत नाहीत. यात वर्षं जातात, आणि ती घालवण्याचं काहीएक कारण नाही. बरेचदा या फिटमागे एक साधी अळी असते.

हे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे. १९८०च्या दशकात सीटी स्कॅनचा वापर वाढला आणि फिट येणाऱ्या कितीतरी भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चंडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तर त्यांत पट्टकृमीची (टेपवर्मची) अळी सापडली. १९८९मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे त्यांनी निदानाचे असे निकष ठरवून दिले की बहुतेकांची कवटी उघडण्याची गरजच उरली नाही. पुष्कळांची गाठ काही महिन्यांत आपोआप विरते, हेही दिसून आलं. राजशेखर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या पथकाने वेल्लोर जिल्ह्यात पन्नास हजारांवर लोकांची पाहणी केली. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, तीन रुग्णांमागे साधारण एकाच्या आजाराचं मूळ ही अळीच निघाली.

“आम्ही तर शाकाहारी, आमचा काय संबंध?” असं म्हणून कृपया पान उलटू नका. अळी असलेलं डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूतली गाठ मात्र त्याच्या अंड्यांमुळे होते, आणि ही अंडी कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांनी, मैल्याचा संसर्ग झालेल्या पाण्याने, मातीने माखलेल्या कच्च्या भाजीने ती कुणाच्याही पोटात जातात. न्यूयॉर्कमध्ये डुकराचं मांस निषिद्ध मानणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार आढळला होता. घरकामाला असलेल्या व्यक्तींकडून तो पोचल्याचं १९९२मध्ये प्रसिद्ध झालं. अशा वेळी दोष कुणाला द्यायचा नसतो. कृमी असलेल्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. म्हणून घरात एकाला हा आजार निघाला, तर सोबत राहणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. पोटातला कृमी औषधाने जातो.

समोर कुणाला फिट आली, तर त्याला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८ला फोन करा. पहिल्यांदाच आली असेल तर थांबल्यावरही दवाखान्यात न्या आणि स्कॅन लागेल का, हे स्पष्ट विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे वाचून दुकानातून जंताची गोळी आणून रुग्णाला देऊ नका. मेंदूतली अळी मरताना सूज येते आणि फिट वाढू शकतात. अळीवरचे उपचार स्कॅन पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवेत. तसंच फिटची सुरू असलेली गोळी, बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. नीट औषध घेतलं तर दहापैकी सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि मुलींच्या आईवडिलांनो, हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९मध्येच काढून टाकला आहे. कायद्याने केव्हाच सोडलेली गोष्ट आपण धरून बसायला नको.

शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा, कोथिंबीर-मुळा-गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, उघड्यावर शौचाला बसणं थांबवा. आणि शेजारच्या घरात कुणी फिट लपवत असेल, तर त्यांच्यासोबत या आठवड्यातच सरकारी रुग्णालयात जा.